माकडटोपीतल्या दोघी

माझ्या नातीला वाटतं, तिची आजी जन्मतःच गुडघे धरून बसलेली होती. मी एके काळी धुळ्याला लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळाले होते असं सांगितलं, तर ती फिदीफिदी हसली. मग सांगितलं की त्या शर्यतीत मी एका मुलीची वेणी धरून तिला आडवं पाडलं होतं. त्यावर मात्र तिचा लगेच विश्वास बसला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव फैजपूरच्या पलीकडे, चारी बाजूंनी केळी. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डोक्यात शहाणपण इतकं की ते कुठे सांडावं हे कळत नव्हतं. शेजारच्या गल्लीत माझी मैत्रीण राहायची. माझ्याच वर्गात. वडील नव्हते तिला. आई आणि सात वर्षांनी मोठा भाऊ. घर, शेत आणि बहीण, तिन्ही तोच चालवायचा, आणि तिन्ही एकाच पद्धतीनं.

त्याचा हात चालायचा. ताट वेळेवर आलं नाही, चालला. बहीण ओट्यावर उभी राहून हसली, चालला. एकदा पंपाच्या रबरी पाइपाचा तुकडा घेऊन त्यानं तिला अंगणात फिरवलं होतं आणि आम्ही गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे राहून तांदूळ निवडत होतो. तांदूळ मीही निवडत होते. त्यात खडे नव्हते, तरी निवडत होते.

ती मात्र पळायची. लहानपणापासून. कॉलेजच्या मैदानावर मुलं दमून बसली तरी हिचे पाय थांबायचे नाहीत. आमच्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं आणि एक दिवस सायकल मारत तिच्या घरी आले. म्हणाले, हिला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला पाठवा, खेळाची शिक्षिका होईल, कुठेही नोकरी लागेल. भाऊ ओट्यावर पानाला चुना लावत होता. शेजारचे चार जण बसलेले. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं एक अट घातली.

"धुळ्याले जानेवारीत शर्यत हाये म्हनता नं सर? पहिल्या तिघीत आली तर जाईन कोर्सले. नाई आली तर आखाजीले लगन. आन् सराव करायचा तो कॉलेजाच्या मैदानात. गावात उंडारलेली मले चालनार नाई."

चार जण हसले. सरही हसले, बिचारे. तिच्यासाठी ते हसण्यासारखं नव्हतं; आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दूर नव्हती. तिचे सारे दिवस त्या एका वाक्यावर टांगले गेले होते.

आता माझं काय काम होतं यात? काहीच नव्हतं. पण मला धुळ्याला जायचं होतं, एसटीनं, खिडकीजवळ बसून, पांढरे बूट घालून. म्हणून मीही शर्यतीत नाव दिलं आणि स्वतःला तिची कोच नेमून टाकलं. मी म्हटलं, मैदानावरच्या संध्याकाळच्या दहा फेऱ्यांनी काय होतंय? पहाटे पळायला पाहिजे. थंडीत. थंडीत छाती तयार होते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. किंवा वाचलंही नसेल.

आणि पहाटे गावाबाहेर दोन मुली पळताना दिसल्या तर? त्यावरही माझ्याकडे तोड होती. माझ्या भावाच्या दोन जुन्या पँटी, त्याचेच दोन स्वेटर, आणि दोन माकडटोप्या. वेण्या टोपीत, टोपी हनुवटीपर्यंत खाली. अंधारात कोण ओळखतंय? झाली दोन पोरं. या कल्पनेवर मी इतकी खूश होते की दोन रात्री मला झोप लागली नाही.

तिच्या घरी सांगितलं, परीक्षा जवळ आलीय, पहाटे माझ्याकडे अभ्यासाला येते. ती पुस्तकं घेऊन यायची. आमच्या गोठ्यात आम्ही कपडे बदलायचो. पँट तिला कमरेत ढगळ, म्हणून सुतळीनं बांधायची. मला घट्ट, म्हणून बटण उघडं ठेवायचं. मग मी हुकूम सोडायचे.

"कोणी हटकलं तर थांबायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही. आवाजानं कळतं बाईमाणूस आहे ते. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"आन् साप निंघाला तर?"

"सापालाही नाही."

हा नियम मी केला होता. नीट लक्षात ठेवा. मी.

त्या वर्षी हिव फार पडलं. हिव म्हणजे साधी थंडी नव्हे. केळीच्या पानाला चरका बसतो, कोवळी पानं भाजल्यासारखी करपून जातात. मग शेतकरी पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचे. सगळ्या शिवारात तो पांढरा धूर केळीच्या खोडांमधून जमिनीलगत हिंडत असायचा. त्यातून आम्ही पळायचो. बोटं अशी आखडायची की सुतळीची गाठ सुटायची नाही. नाकातून पाणी, छातीत सुया.

ती पुढे आणि मी मागे. कोचनं मागूनच पळायचं असतं असं मी तिला सांगितलं होतं. हातात कपाशीची वाळकी पऱ्हाटी. ती जरा मंदावली की मी तिच्या पोटऱ्यांवर सपकन ओढायचे. घोड्याला मारतात तसं. खरंच मारायचे हो, लटकं नाही. पोटरीवर लाल रेघ उठायची. आज आठवलं की माझ्याच हाताला चटका बसतो, पण तेव्हा मला वाटायचं, काय ही माझी तळमळ!

पाचव्या की सहाव्या दिवशी ती थांबली, वळली आणि माझ्या नाकावर एक ठोसा दिला.

"घरी त्यो हाये नं मारायले," ती म्हणाली. "तुले कोनी बोलावलं?"

मी तिच्या अंगावर गेले. आम्ही दोघी बांधावरून घरंगळत केळीच्या पाटात पडलो. पाटाला पाणी सोडलेलं. त्या गारठ्यात, चिखलात, दोघी एकमेकींच्या टोप्या ओढतोय, चावतोय, गुडघे मारतोय. शेवटी माझ्या नाकातून रक्त आलं आणि तिला हसू आलं. हसता हसता तिचे दात वाजत होते. म्हणाली, "आता तू पुढं पळ. मी मारते मागून." दुसऱ्या दिवसापासून पऱ्हाटी तिच्या हातात गेली आणि, खोटं कशाला बोलू, मी पहिल्यांदा नीट पळायला लागले.

मग एका रात्री केळी कापली गेली.

आमच्याकडे वैर काढायची एक रीत आहे. कोणाशी वाकडं आलं की माणसाला हात लावायचा नाही, रातोरात त्याची उभी केळी कापायची. घडासकट. वर्षभर पोरासारखी वाढवलेली. आणि केळीचं खोड मोठं विचित्र. कमरेतून कापलं तरी त्याला कळत नाही, सकाळपर्यंत मधला कोंभ बोटभर वर येऊन उभा राहतो. माझ्या मैत्रिणीच्या भावाचा नदीकडचा अख्खा पट्टा असा कापला गेला. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळीकडे पडलेले हिरवे घड, चिकानं ओली झालेली माती, आणि ओळीनं शेकडो बुडखे, प्रत्येकातून एक पांढरं बोट वर. तो त्यांच्या मधोमध उभा होता. रडत नव्हता. हातातल्या काठीनं एकेक बुडखा ठेचत होता.

तेव्हापासून तो आणि त्याचे दोन साथीदार पहाटे राखणीला बसू लागले. कोणी कापली ते माहीत नव्हतं, पण तो म्हणायचा, ज्याला एकदा गोडी लागली तो पुन्हा येणार.

मी म्हटलं, आता पळणं बंद करू या. चूक, असं मी म्हटलं नाही. असं म्हणायला अक्कल लागते. मैत्रीण म्हणाली, "भाऊ नदीकडं बसतो. आपुन नाल्याच्या वाटेनं जाऊ." मी म्हटलं, "शाब्बास." शर्यतीला पुरते चोवीस दिवस उरले होते.

भावानंही डोकं चालवलं होतं. आपण नदीकडे बसतो हे गावभर झालंय, म्हणजे चोर दुसऱ्या बाजूनं येईल. म्हणून त्या पहाटे ते तिघे नाल्याच्या बाजूला येऊन बसले. हे घरी कोणाला सांगितलं नाही.

आता त्यांच्या डोळ्यांनी बघा. पहाटेचा अंधार, धूर. केळीच्या ओळींमधून दोघे जण पळत येतायत. अंगात स्वेटर, तोंडावर माकडटोप्या, एकाच्या हातात काहीतरी लांब. ती पऱ्हाटी होती, पण अंधारात पऱ्हाटी आणि कोयता सारखाच.

"कोन हाये रे? उभा राय!"

नियमाप्रमाणे आम्ही थांबलो नाही. नियमाप्रमाणे बोललो नाही. उलट जोरात पळालो.

मग धुरातून काठ्या आल्या. मला पाठीत एक बसली, तिरकी, स्वेटरवरून घसरली. माझ्या मागे ती होती, तिला पायावर बसली आणि ती पडली. पडल्याचा आवाज मी ऐकला. मी थांबले का? मी माझ्या आयुष्यात इतकी जोरात कधी पळाले नाही. आधी नाही, नंतर नाही, धुळ्याला तर नाहीच. नाल्यात उडी मारली आणि बेशरमाच्या झुडपात शिरून टोपी दोन्ही हातांनी धरून बसले. टोपी! जणू टोपी गेली की जीव जाणार होता.

तिथून सगळं ऐकू येत होतं. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज. मध्ये मध्ये तिच्या भावाचा आवाज. मी लहानपणापासून ओळखत असलेला.

"कोनी धाडलं तुले? बोल! कोनाच्या पोटचा हाये तू? बापाचं नाव सांग, नाईतं इठीच गाडतो!"

ती काही बोलली नाही. एक "दादा" म्हटलं असतं तर काठ्या थांबल्या असत्या. त्या थांबल्या असत्या, आणि मग दुसऱ्या सुरू झाल्या असत्या, घरी, दार लावून; आणि धुळं संपलं असतं. ती जमिनीवर पडून हा हिशेब करत होती. आणि मी झुडपात बसून, मला मुंग्या चावतायत का याचा.

मग एक कडकन आवाज आला. वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा. तरीही ती ओरडली नाही. फक्त श्वास जोरात आत ओढल्याचं ऐकू आलं.

"बॅटरी आन रे," भाऊ म्हणाला. "तोंड पाहू लेकाचं."

तो बॅटरीसाठी वळला तेवढ्यात, ज्यानं तिला धरून ठेवलं होतं त्याच्या मनगटाला तिनं दात लावले. तो गडी बोंबलला. ती उठली आणि धुरात शिरली. मोडका हात पोटाशी धरून, केळीच्या ओळींतून ती अशी गेली की तीन धडधाकट गडी तिच्या मागे लागून परत आले. सरांना घड्याळ लावायला बोलवायला हवं होतं.

गोठ्यात मी तिच्या आधी पोहोचले होते. ती आली, भिंतीला टेकून खाली बसली. डावा हात कोपराखाली वेगळ्याच दिशेला वळलेला. ओठ फुटलेला. मी रडायला लागले. मोठ्यानं.

"गप," ती म्हणाली. "तुले काय झालं? कपडे बदलव मले."

लहान मुलीला फ्रॉक घालतात तसे मी तिला कपडे घातले. ती एकदाही मला "कुठे होतीस" म्हणाली नाही.

घरी सांगितलं, अभ्यासाहून येताना विहिरीच्या पायरीवरून घसरली.

आठच्या सुमारास मी तिच्या घरी गेले, कारण न जाणं संशयास्पद दिसलं असतं. भाऊ ओट्यावर चहा पीत होता. मूड फार चांगला. मला म्हणाला, "ये, बैस. चहा घे." आणि सांगायला लागला. चोर कसा सापडला, कसा हाणला.

"एकाचा हात मोडला म्या. असा कडकन बोलला! पन मानूस चिवट, मानलं पाहिजे. एक शब्द नाई काढला. दुसरा मातर बायल्या निंघाला. दोस्ताले टाकून असा पळाला, असा पळाला..." तो हसायला लागला. "आसला दोस्त दुश्मनालेबी नको देवा!"

मी चहाचा घोट घेतला. आतल्या खोलीत, चुलीपाशी, माझी मैत्रीण एका हातानं भाकरी उलटत होती. दुसरा ओढणीखाली. तिची पाठ आमच्याकडे होती, आणि मला दिसलं की तिची पाठ हलतेय. मला वाटलं रडतेय. आत गेले तर हसत होती बया! "बायल्या," ती कुजबुजली आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं.

तिच्या आईनं तिला पुढच्या गावच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. मीही गेले. त्या म्हाताऱ्यानं हात चाचपला, ओढला, बसवला, बांबूच्या कामट्या लावून कापडानं आवळला. बसवताना ती ओरडली, पहिल्यांदाच. मग तो तिच्या आईकडे वळून म्हणाला, "अक्का, पायरीनं आसा हात मोडत नाई. हा काठीचा घाव हाये."

तिच्या आईनं पदर सारखा केला. शांत बाई. नवरा गेल्यापासून मुलगा सांगेल ते करायचं, एवढंच तिला माहीत होतं. परतीच्या वाटेवर तिनं फक्त एकदा विचारलं, "त्यानं मारलं का वं?"

"नाई माय. पायरीच."

आईनं मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. काठी घरातच चालली असं ती समजली होती, आणि समजून गप्प बसली होती.

तेराव्या दिवशी ती पुन्हा पळायला लागली. मैदानावर, गळ्यात फडक्याची झोळी करून, त्यात हात. भावानं मोडता घातला नाही. उलट सगळ्यांना सांगत होता, "जाऊ द्या नं, तुटक्या हातानं पहिली येते का पाहू!" त्याला खात्री होती. म्हणूनच जाऊ दिलं.

धुळ्याची थंडी आमच्यापेक्षा वाईट. पांझरा नदीवरून वारा येत होता आणि त्याला दात होते. सकाळी सातला चाळीसेक मुली रेघेमागे उभ्या, उड्या मारतायत, तळहात घासतायत. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीला धक्काबुक्की होते. तिच्या डाव्या बाजूला राहा."

सरांना काठ्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज सांगितलं. पण मला ते असं लागलं की मी डाव्या बाजूला चिकटलेच.

शिट्टी वाजली आणि जे सुरू झालं त्याला शर्यत म्हणत नाहीत. कोपरं, नखं, बुटांच्या टाचा. अरुंद कच्चा रस्ता आणि चाळीस जणी. एक कोपर माझ्या बरगडीत, एक गालावर. मी दोन दिले. तिच्या झोळीच्या बाजूला कोणी आलं की मी खांदा मारायचे. एक उंच मुलगी, हिरव्या बनियनमधली, दोनदा आमच्यात घुसली आणि तिसऱ्यांदा पुढे जाताना तिनं झोळीला हात घालून मागे ओढलं. मुद्दाम. माझ्या मैत्रिणीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी नाल्यातही ऐकला नव्हता. मग मी त्या मुलीची वेणी धरली. मनगटाला एक वेढा घेतला आणि बसकण मारली. आम्ही दोघी खडीवर आडव्या. तिनं माझ्या डोळ्यात माती घातली, मी तिच्या कानाखाली जाळ काढला. पंच सायकलवरून ओरडत आले आणि त्यांनी दोघींना बाहेर काढलं.

माझं गुडघ्याचं कातडं रस्त्यावर राहिलं होतं. रस्त्याच्या कडेला दूधवाले, म्हाताऱ्या उभ्या होत्या. मी लंगडत परत निघाले, तेव्हा एक आजीबाई पुढे बघत ओरडत होती, "ओ मन्ही माय! हाई पोरना हात मोडेल शे, तरी कशी पयी राह्यनी देख! पय वं पोरी, पय!"

ती तिसरी आली. माझ्या डोळ्यात माती होती, म्हणून शेवट मी पाहिला नाही. सर सांगत होते की शेवटच्या वळणावर तिनं हात झोळीतून काढून छातीशी धरला आणि दोघींना मागे टाकलं.

आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट अजून सांगतात, की मी मैत्रिणीसाठी स्वतःची शर्यत सोडली. सांगू द्या. मी सोडली नव्हती, मला हाकललं होतं. आणि पळत राहिले असते तर तिसावी आले असते.

दुसऱ्या दिवशी जळगाव, भुसावळ करत एसटीनं दिवे लागायच्या सुमारास गावात पोहोचलो. मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. प्रमाणपत्र मला भावाच्या तोंडासमोर धरायचं होतं. तो ओट्यावर होता. त्यानं कागद हातात घेतला, वाचला.

"तिसरी," तो म्हणाला. "बरं झालं. पन सुपारी फुटली काल. रावेरकडचं स्थळ हाये. चांगले लोक हायेत."

"तू पहिल्या तिघीत म्हनला होता," ती म्हणाली.

"म्हनलो होतो. मले काय माहीत, तू खरंच..." त्यानं कागदाची घडी केली, आत गेला आणि ती चुलीत घालायला वाकला.

तिनं तो कागद त्याच्या हातातून हिसकला. त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आदळली, झोळीतल्या हातावरच. मी दारात होते. आई मागच्या दारी धुणं धूत होती, ती आवाजानं आत आली.

माझी मैत्रीण भिंतीला धरून उभी राहिली. रडली नाही. त्याला म्हणाली, अगदी हळू, "त्या दिशी तू नाल्यापाशी इचारत होता, कोनाच्या पोटचा हाये, बापाचं नाव सांग. आता सांगते. तुह्याच बापाची हाये मी. याच माउलीच्या पोटची."

त्यानं हे शब्द ओट्यावर कोणाला सांगितले नव्हते. हात मोडल्याचं सांगितलं होतं, बापाचं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग तो तिच्या झोळीकडे बघायला लागला. कामट्यांकडे. बघतच राहिला. मग खाली बसला, पोतं ठेवावं तसा.

आईला कळायला त्याच्यापेक्षा कमी वेळ लागला. तिच्या हातात कपडे बडवायचं धोपाटणं तसंच होतं, पाणी गळत होतं. ती पुढे आली आणि तिनं मुलाच्या पाठीत घातलं. मग खांद्यावर. मग परत पाठीत. मोजून नाही, थांबून नाही. ज्या बाईनं त्याच्यासमोर कधी मान वर केली नव्हती, ती दात आवळून आपल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाला बडवत होती. तो डोकं खाली घालून मार घेत होता. हात वर केला नाही, डोकंही वाचवलं नाही. कानातून रक्त आलं तेव्हा माझी मैत्रीण मध्ये पडली. "माय, बस. बस झालं." तिनं एका हातानं धोपाटणं धरलं.

आई धापा टाकत उभी राहिली.

"उद्या रावेरले जाय," ती मुलाला म्हणाली. "सुपारी वापस कर. काय सांगाचं ते तू ठरव. पोरगी जूनमधी जाईन शिकाले."

त्यानं मान हलवली. आणि तो गेलाही दुसऱ्या दिवशी, पहिल्या गाडीनं. ती जूनमध्ये गेली. त्या आखाजीला गावात एकच लग्न झालं, ते माझं, पण ते राहू द्या.

त्या संध्याकाळी मी हळूच दाराबाहेर सरकत होते. तेवढ्यात जमिनीवर बसलेल्या भावानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाला, "म्हंजे... त्यो दुसरा..."

आईही वळली.

"तू व्हती संग?"

मी मान डोलावली.

"मंग हिले मारत व्हते तव्हा तू कुठी व्हती?"

खोटं सुचलं नाही. एरवी मला खोटं सुचायला वेळ लागत नाही. "नाल्यात," मी म्हटलं. "झुडपात."

तिनं मुलीच्या हातातून धोपाटणं परत घेतलं आणि माझ्या पाठीत एक घातलं. सपाट बाजूनं, पण पूर्ण ताकदीनं. मला समोर एकाच्या दोन भिंती दिसल्या. मी दुसऱ्या फटक्याची वाट बघत वाकून उभी राहिले. खरं सांगते, मला दुसरा हवा होता.

तिनं धोपाटणं मागच्या दारी फेकलं, पदरानं हात पुसले.

"बैस," ती म्हणाली. "जेवून जाय."